अभ्र्याच्या आत

उशीचे तीन भाग असतात: आतले भरण, भरणाभोवती चारी बाजूंनी शिवलेली जाड कापडाची खोळ आणि तिच्यावर चढवलेला अभ्रा. यांपैकी अभ्रा धुतला जातो, खोळ अभ्रा बदलताना ओझरती दिसते आणि भरणाचे दर्शन उशी उसवल्याखेरीज घडत नाही. मराठी घरात उशीची निगा राखली जाते ती साधारण याच प्रमाणात. अभ्रा दर आठवड्याला, फार तर दर पंधरवड्याला, साबणाच्या पाण्यातून निघतो. सणावाराला त्याला इस्त्रीही होते. पाहुणे उतरणार असतील तर कपाटातून रुखवतातला, कोपऱ्यात गुलाब भरलेला अभ्रा बाहेर येतो. खुद्द उशीला मात्र पाणी ठाऊक नसते. तरीही घरातल्या कोणालाही विचारले तर 'उशा? परवाच तर धुतल्या!' असे उत्तर येते, आणि उत्तर देणाऱ्याच्या मनात खोटे बोलल्याची शंकाही नसते. खोळीवर अनेक वर्षांचे पिवळे-तपकिरी डाग एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून अभ्रे बदलण्याचे काम पाहुण्यांच्या देखत सहसा केले जात नाही. घरातल्या मुलांना मात्र कोणता डाग कोणाचा हे पाठ असते.

हे डाग येतात कुठून? माणसाचे डोके साडेचार ते पाच किलो वजनाचे असते आणि रोज सात-आठ तास ते उशीवर ठेवलेले असते. झोपेत डोक्यातून विशेष काही बाहेर पडत नाही असा सार्वत्रिक अनुभव असला, तरी घाम, त्वचेचे स्वतःचे तेल, लाळ आणि कातडीचे बारीक कण यांचा पुरवठा रात्रभर अखंड चालू असतो. सुती अभ्रा यातले थोडेफार अडवतो आणि उरलेले खोळीकडे पाठवतो. खोळ तेच धोरण पुढे चालवते.

महाराष्ट्रात आणि गोव्यात या यादीत खोबरेल तेलाची भर पडते. रविवारच्या न्हाण्याआधी शनिवारी रात्री डोक्यावर तेल थापायचे आणि तसेच झोपायचे, ही पद्धत केसांना मानवते की नाही यावर मतभेद आहेत, पण उशीला ती मानवत नाही यावर नाहीत. खोबरेल सुमारे 24 अंश सेल्सिअसच्या खाली थिजते. थंडीत तेलाची बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येक घराला हे ठाऊक असते. उशीत मुरलेले तेलही याच नियमाने वागते हे मात्र तिथे कोणाच्या लक्षात येत नाही. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या नळाच्या पाण्यात तेलकट अभ्रा कितीही घासला तरी तेल धाग्यांतच थिजून बसते, आणि वाळल्यावर अभ्रा स्वच्छ दिसतो पण वास जुनाच येतो. अशा वेळी हाताला सोसेल इतके गरम पाणी घेतले की निम्मे काम साबणाशिवाय होते. पिवळेपणाचा दोष मात्र खोबरेलावर टाकता येत नाही. त्यातली स्निग्धाम्ले बहुतांशी संपृक्त असल्याने ते हवेच्या संपर्काने सहजासहजी बिघडत नाही. पिवळे पडते ते अंगचे तेल आणि घाम. घरात आरोप तेलावरच होतो, कारण तेल कोणी लावले होते ते बोट दाखवून सांगता येते. घाम सगळ्यांचाच असतो.

तेल लावलेल्या रात्री उशीवर जुन्या साडीची घडी किंवा विरलेला टॉवेल टाकणाऱ्या आज्यांनी उशीच्या निगेत जी भर घातली आहे, तिच्यापुढे बाजारातले बहुतेक उपाय फिके पडतात.

उशीत मळाबरोबर रहिवासीही असतात. घरातल्या धुळीत राहणारे कोळ्याच्या कुळातले सूक्ष्म किडे, ज्यांना धूलिमाइट म्हणतात, मिलिमीटरच्या पाव भागाएवढे असतात आणि माणसाच्या गळलेल्या कातडीवर जगतात. ते चावत नाहीत, रक्त पीत नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. लागणारा ओलावा ते हवेतल्या बाष्पातून शोषून घेतात. हवा पुरेशी कोरडी झाली की ते सुकून मरतात. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर त्यांना ही भीती बाळगण्याचे कारण नसते. त्यांच्या विष्ठेतली प्रथिने काही जणांना शिंका, वाहते नाक आणि दमा यांचा त्रास देतात. जुन्या उशीचे अर्धे वजन या किड्यांचेच असते अशा अर्थाचे दावे उशा विकणाऱ्यांच्या जाहिरातींत आढळतात. त्यांना आधार नाही, पण ते वाचून माणूस त्या रात्री सतरंजीवर झोपतो. बुरशीची गोष्ट अधिक पक्की आहे. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड ते 20 वर्षे वापरातल्या दहा उशा तपासल्या आणि 2005 साली निष्कर्ष मांडले. प्रत्येक उशीत बुरशीच्या चार ते सोळा जाती निघाल्या. वीस वर्षे वापरलेली उशी हे वाचून इंग्रज वाचक दचकले असतील. मराठी वाचकाला त्यात बातमी दिसत नाही.

उशी धुवावी की नाही, हे तिच्या भरणावर ठरते. कापसाची उशी धुऊ नये. कापूस स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो. ओली उशी उचलायला दोन माणसे लागतात आणि वाळताना ती बाहेरून कोरडी, आतून ओली अशी तीन-चार दिवस राहते. तेवढ्या वेळात आत कुबट वास धरतो आणि कापसाचे गोळे होतात. मग झोपणाऱ्याच्या कानाखाली एक गोळा आणि मानेखाली पोकळी अशी रचना कायमची तयार होते. कापसाच्या उशीला धुण्याऐवजी वेगळा उपचार आहे: ती उसवायची, कापूस पिंजून घ्यायचा, त्याला कडक ऊन द्यायचे, खोळ धुऊन वाळवायची आणि उशी पुन्हा भरायची.

हे काम पिंजाऱ्याचे. पिंजारी आणि नदाफ ही आडनावे याच धंद्याची. पिंजारी खांद्यावर माणसाच्या उंचीची धुनकी घेऊन गल्लीतून जात असे आणि तिच्या ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळ्याचा एक ठोका पडला की निघणारा 'तंव्' असा आवाज हीच त्याची जाहिरात असे. ताणलेली तात कापसाच्या ढिगात थरथरते, गाठी सुटतात, धूळ आणि कचरा खाली पडतो आणि दबून ढेपाळलेला कापूस फुगून तिपटीचौपटीने मोठा दिसू लागतो. आता धुनकीची जागा टेम्पोवर बसवलेल्या पिंजण यंत्राने घेतली आहे आणि आवाज भोंग्यावरून येतो. पर्यवेक्षण मात्र जुन्याच पद्धतीने चालते. घरातली एक ज्येष्ठ व्यक्ती पाटावर बसून आपला कापूस दुसऱ्याच्या कापसात मिसळत नाही ना, हे सबंध दुपारभर पाहते. आपला कापूस ओळखण्याची खूण विचारली तर ती सांगता येत नाही, पण तो 'आपल्या विदर्भातला, लांब धाग्याचा' असतो आणि लग्नातल्या गाद्यांचा असतो, एवढे पुरते. शेवटी वजन होते. चार किलो दिलेला कापूस साडेतीन किलोच भरतो, कारण मधला अर्धा किलो धूळ होती. ही धूळ इतकी वर्षे आपल्याच डोक्याखाली होती, हे मान्य करण्यापेक्षा पिंजाऱ्याने अर्धा किलो कापूस लांबवला असे मानणे घराला सोपे जाते. मग भाव पाच-दहा रुपयांनी उतरतो, चहा होतो आणि उशा फुगून घरात येतात. पहिल्या आठवड्यात त्या इतक्या उंच असतात की झोपणाऱ्याला छतावरचा पंखा नको तितका जवळून दिसतो.

सावरीच्या कापसाची उशी कोकणात आणि डोंगराळ भागात अजून भेटते. चैत्र-वैशाखात काटेसावरीची बोंडे फुटतात आणि रेशमी कापूस वाऱ्यावर उडू लागतो. हा धागा आतून पोकळ आणि बाहेरून मेणचट असल्याने पाणी धरत नाही. त्याचीच परदेशी बहीण असलेल्या कपोकचा कापूस पूर्वी बोटींवरच्या तरंगत्या जाकिटांत भरत असत. अशी उशी धुवायला बादलीत घातली तर ती बुडायला नकार देते, आणि जबरदस्तीने बुडवली तर तिचे नाजूक धागे मोडतात. तिला ऊन दाखवावे, हलक्या हाताने थोपटावे आणि तिचा नाद सोडावा.

फायबरची उशी, म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्यांची, ही एकटी खरोखर धुता येणारी उशी आहे, आणि म्हणूनच ती कोणी धुवत नाही. पॉलिएस्टर स्वतः पाणी जवळजवळ शोषत नाही. पाणी धाग्यांच्या मधल्या जागेत अडकते आणि पिळले की बाहेर येते. अशी उशी वर्षातून दोनदा धुवावी. मशीनमध्ये एकटी टाकू नये. पिळताना ड्रमचा तोल जातो आणि यंत्र न्हाणीघरातून चालत दिवाणखान्याच्या दिशेने निघते. दोन उशा समोरासमोर ठेवाव्यात. साबण पातळ घ्यावा आणि नेहमीपेक्षा कमी, कारण उशीत शिरलेला फेस बाहेर यायला तीन वेळा खंगाळावे लागते. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये उशी तरंगते. ती दाबून पाण्याखाली धरावी लागते. माइटने हैराण झालेल्यांनी पाणी 55 ते 60 अंशांचे घ्यावे, त्याच्या खाली हे किडे केवळ आंघोळ करून परततात. टबात धुवायची तर पायाने तुडवावी. धोपाटणे वापरू नये, आणि साडीसारखा पीळही देऊ नये, कारण धागा एकदा मुडपला की उशीत गाठ कायमची बसते. परदेशी माहितीपत्रकात धुतलेली उशी ड्रायरमध्ये टाकताना सोबत दोन टेनिस बॉल टाकावेत असे सांगितलेले असते. त्यांच्या माऱ्याने फायबर मोकळा होतो. मराठी घरात टेनिस बॉल असतो, ड्रायर नसतो, आणि टेनिस बॉलही सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळायला गेलेला असतो. त्यामुळे ते काम हातानेच करावे लागते: उशी अर्धवट वाळली की दोन्ही बाजूंना धरून झटकायची आणि कोपरे बोटांनी मोकळे करायचे.

फोमच्या उशीबद्दल गैरसमज सर्वांत जास्त आणि किंमतही सर्वांत जास्त. मेमरी फोम हा 1966 साली अमेरिकेच्या नासासाठी विमानातल्या आसनांच्या संशोधनातून पुढे आला. ही माहिती दुकानदार उशी विकताना सांगतोच. ही उशी पाण्यात घालू नये आणि तिला कडक ऊनही देऊ नये, ही माहिती तो सांगत नाही. पाण्याने ती जड होते आणि उचलताच स्वतःच्या वजनाने फाटते. उन्हाने फोम पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि त्याचा चुरा सुटतो. घरात आल्यावर पहिल्याच रविवारी तिला 'नव्याचा वास येतो' म्हणून गच्चीवर, भर दुपारी, एप्रिलात पसरण्यात येते. तिची योग्य निगा म्हणजे ओल्या फडक्याने डाग टिपणे आणि सावलीत वारा देणे. लेटेक्सच्या उशीचेही तेच. पिसांच्या उशा महाराष्ट्रात फार नाहीत. नवजात बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून घातली जाणारी मोहरीची उशी घरोघरी असते, पण तिच्या निगेची चर्चा करण्याचे कारण नाही. तान्ह्या बाळाला कोणतीच उशी देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि ते सांगतात तेव्हा आजी खोलीबाहेर गेलेली असते. निगेच्या दृष्टीने आदर्श म्हणता येतील अशा उशा दोनच: प्राचीन इजिप्तचे लाकडी व हस्तिदंती शिरोधार आणि चीनच्या सोंग काळातल्या चिनी मातीच्या उशा. ओल्या फडक्याने पुसल्या की झाले. तुतनखामेनचे थडगे 1922 मध्ये सापडले तेव्हा त्यातले शिरोधार तीन हजारांहून अधिक वर्षांनंतरही उत्तम स्थितीत होते आणि त्यांच्यावर तेलाचे डाग असल्याची तक्रार कोणी केलेली नाही.

डाग काढण्यासाठी धुण्याचा सोडा, किंवा ऑक्सिजन सोडणारी ब्लीच पावडर गरम पाण्यात मिसळून खोळ त्यात तासभर बुडवावी. क्लोरीनची ब्लीच घामाच्या डागांवर कधीकधी उलटी वागते आणि पिवळा डाग अधिक पिवळा करून ठेवते. मोबाइलवर फिरणारा खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा उपाय पाहायला आकर्षक आहे. एक अल्कधर्मी, एक आम्ल. दोघे भेटताच जोरात फसफसतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे जवळजवळ निरुपयोगी खारट पाणी उरते. डागाला या समारंभाचे निमंत्रण नसते. जुन्या पिढीची नीळ निदान प्रामाणिक होती. तीही मळ काढत नाही. पिवळ्यावर निळ्याची हलकी छटा चढवून डोळ्याला पांढरे दाखवते. निळीचे प्रमाण चुकलेल्या घरात सणाच्या दिवशी सगळ्यांच्या उशाशी फिकट आकाशी ढग असत.

एवढे सगळे केल्यावर खरे काम सुरू होते ते वाळवण्याचे. उशी धुण्यात बिघडत नाही, वाळवण्यात बिघडते. आणि न धुतलेली पण कोरडी उशी ही धुऊन अर्धवट वाळलेल्या उशीपेक्षा पुष्कळ निरोगी असते. म्हणून उशा धुवायच्या तर ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मार्च ते मे या महिन्यांत. नवरात्राआधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे बाहेर काढण्याची जी रीत आहे, तिचा उशीला उपयोग होईल की नाही हे त्या वर्षी पाऊस कधी परततो यावर अवलंबून असते. पावसाळ्यात उशी धुणारी व्यक्ती एकतर नवीन लग्न झालेली असते किंवा मुलाने रात्री उशी भिजवलेली असते. दोन्ही प्रसंगी इलाज नसतो.

उन्हाळ्यात गच्चीवर जागेचा प्रश्न येतो. ज्या महिन्यात उशांना ऊन हवे असते, त्याच महिन्यात कुरडया, सांडगे, पापड आणि लाल मिरच्याही उन्हाला येतात. मिरच्यांशेजारी वाळवलेली उशी रात्री डोळ्यांत उतरते. त्यातही वाळवणाला राखणीला माणूस मिळतो, उशांना मिळत नाही, म्हणून कावळे त्यांच्यावर बसून कुरडयांकडे लक्ष ठेवतात. उशा दोरीवर टांगल्या तर भरण एका टोकाला उतरते. त्या खाटेवर किंवा स्वच्छ चादरीवर आडव्या ठेवाव्यात आणि दर दोन तासांनी उलटाव्यात. वाळली की नाही याची कसोटी सोपी आहे. उन्हातून आणून पंधरा मिनिटे सावलीत ठेवायची आणि गालाला लावायची. गार लागली तर आत ओल आहे. ही कसोटी नेहमी 'वाळली' असेच सांगते, कारण ती घेणारी व्यक्ती पुन्हा तीन जिने चढायला तयार नसते.

साठवणीबद्दल थोडक्यात. पाहुण्यांच्या उशा दिवाणात किंवा पलंगाच्या पेटीत असतात आणि अनेकदा दुकानातून आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतच असतात. नव्या वस्तूचे प्लास्टिक काढू नये ही घराची श्रद्धा असली, तरी त्या पिशवीत बाष्प कोंडते आणि बुरशीला आयते घर मिळते. सुती पिशवी बरी. डांबराच्या गोळ्या टाकल्या तर उशीला किडा लागत नाही आणि माणूसही लागत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकला तर निदान वास सोसवतो.

उशी केव्हा संपली हे ओळखण्यासाठी फायबरची उशी मधोमध दुमडून सोडावी. ती लगेच पूर्ववत झाली तर चांगली. तशीच घडी घालून पडून राहिली तर तिचे काम झाले. कंपन्या साधारण दोन वर्षांनी उशी बदलायला सांगतात. त्यात त्यांचा स्वार्थ वजा केला तरी तीन-चार वर्षांपुढे फायबरच्या उशीत मानेला आधार देण्याइतका जीव नसतो. पण मराठी घरात उशी फेकली जात नाही, तिची बदली होते. पलंगावरून ती दिवाणावर येते, दिवाणावरून टीव्हीसमोर जमिनीवर, तिथून पाठीला टेकण म्हणून गॅलरीतल्या खुर्चीत, मग गाडीच्या मागच्या सीटवर, आणि शेवटी माळ्यावर पितळी भांड्यांच्या मधे, ती आपटू नयेत म्हणून. कधीतरी कोणी धीर करून तिला घंटागाडीत देऊ पाहतो, तेव्हा ओला की सुका यावर चर्चा होते आणि तेवढ्यात गाडी पुढच्या कोपऱ्यावर गेलेली असते. कापसाच्या उशीला ही अवस्था येतच नाही, कारण दर चार-पाच वर्षांनी पिंजला की तोच कापूस लोडात, तक्क्यात किंवा पुन्हा उशीत भरला जातो. फायबरच्या उशांचा निकाल घरचे लोक असा लावतात: तीन मेलेल्या उशा उसवायच्या आणि तिघींचे भरण ठासून एकीत घालायचे. अशी उशी विटेइतकी टणक होते, दुमडून पाहण्याच्या कसोटीला ती दुमडतच नाही, आणि ती पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. आठवडाभर राहायला आलेला पाहुणा मग दुसऱ्याच दिवशी, मान एका बाजूला धरून, परतीची एसटी किती वाजता आहे ते विचारतो.